सेंद्रिय खताच्या पिशवीवर काय वाचावे?



आपल्या सुरत जिल्ह्यात ऊस, भात, केळी आणि भाजीपाला ही मुख्य पिके. या पिकांना रासायनिक खते देऊन देऊन जमीन कडक झाली, पूर्वीइतके पाणी ती धरून ठेवत नाही, असे अनुभवी शेतकरी सांगतात. म्हणून पुष्कळजण पुन्हा सेंद्रिय खताकडे वळले आहेत. १० जुलै २०२२ रोजी सुरत येथे नैसर्गिक शेतीची मोठी परिषद झाली. प्रत्येक ग्रामपंचायतीतील निदान ७५ शेतकऱ्यांनी या मार्गाला लागावे, असा सुरत जिल्ह्याचा संकल्प त्या वेळी साऱ्या देशापुढे ठेवण्यात आला.

ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु जेथे मागणी वाढते तेथे चांगल्या मालाबरोबर वाईट मालही येतो. हिरव्या पानाचे चित्र, गाईचे चित्र आणि वर मोठ्या अक्षरांत 'सेंद्रिय' असा शब्द छापलेल्या पिशव्या दुकानात रचलेल्या दिसतात. आत खरोखर खत आहे, की काळी माती आहे, हे नुसते पाहून कळत नाही. आम्हाला शेतकरी नेहमी विचारतात, "सरकारचा यावर काही कायदा आहे की नाही?" कायदा आहे. तो आपल्याला माहीत नसेल, तर मात्र तो असून नसल्यासारखाच.

कायदा कसा आला?

रासायनिक खतांवर सरकारचे नियंत्रण जुने आहे. पहिला खत नियंत्रण आदेश १९५७ साली निघाला. त्याच्या जागी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आला. जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ याच्या आधारे तो काढलेला आहे. युरियाच्या गोणीत नत्र किती असावे, गोणीवर काय छापावे, दुकानदाराने काय करावे, हे सारे त्यात आहे. सेंद्रिय खत मात्र कित्येक वर्षे या आदेशाच्या बाहेरच होते. जो तो आपल्या मनाने पिशवी भरी आणि विकी.

हे चित्र बदलण्यामागे जी घटनांची साखळी आहे, तिची सुरुवात आपल्या सुरतेतच झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. काही लाख माणसे गाठोडी बांधून शहर सोडून गेली. त्या दिवसांत रस्त्यावरच्या कचऱ्याकडे सगळ्या देशाचे लक्ष गेले. पुढे १९९६ साली बंगळूरच्या अल्मित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीच्या काळातच २००० साली घनकचऱ्याचे नियम झाले आणि कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टमध्ये काय किती असावे, याची मर्यादा प्रथम ठरली. त्यानंतर मार्च २००६ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैविक खते आणि सेंद्रिय खते त्यात घातली. समुद्रशेवाळाचा अर्क किंवा ह्युमिक ॲसिड यांसारखी जी जैव उत्तेजके बाटलीतून विकली जातात, ती २०२१ साली या आदेशाखाली आली.

सेंद्रिय आणि जैविक यांतला फरक

या दोन शब्दांची आपल्याकडे गल्लत होते. सेंद्रिय खत म्हणजे वनस्पती किंवा प्राणी यांच्यापासून आलेला पदार्थ कुजवून केलेले खत. गांडूळ खत आणि शहरी कंपोस्ट ही त्याची उदाहरणे. जैविक खत म्हणजे जिवंत जिवाणू. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू ही जैविक खते होत. पावडरीच्या रूपातल्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे प्रमाण आहे. जिवाणू जिवंत असल्यामुळे या पाकिटावर मुदत संपण्याची तारीख आणि ते कोणत्या पिकासाठी आहे, हे पाहिलेच पाहिजे. दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेले पाकीट तारखेत असले तरी घेऊ नये. उष्णतेने जिवाणू मरतात आणि आपल्या हाती नुसती भुकटी येते.

पिशवीवर काय पाहावे?

१. 'सेंद्रिय खत' किंवा 'जैविक खत' हे शब्द ठळक छापलेले असावेत. त्याखाली खताचा प्रकार असावा, म्हणजे गांडूळ खत, शहरी कंपोस्ट इत्यादी. 'सॉइल कंडिशनर', 'भूमीसुधारक', 'ग्रोथ पावडर' अशी मोघम नावे असतील तर सावध व्हावे. पुष्कळदा कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठीच ती घेतलेली असतात.

२. उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता. नुसता मोबाईल नंबर म्हणजे पत्ता नव्हे.

३. निव्वळ वजन, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि कमाल किंमत.

४. घटकांचे प्रमाण टक्क्यांत. नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब हे आकडे नसतील तर ती पिशवी मुकी आहे असे समजावे.

५. शिवण आणि सील. उसवून पुन्हा शिवलेली पिशवी घेऊ नये.

थोडा हिशोब

टक्के वाचून सोडून देऊ नयेत, त्यांचा हिशोब करावा. गांडूळ खतात किमान १ टक्का नत्र आणि १८ टक्के सेंद्रिय कर्ब असावा असे प्रमाण आहे. म्हणजे ५० किलोच्या पिशवीत नत्र अर्धा किलो आणि कर्ब ९ किलो. युरियाची गोणी ४५ किलोची असते आणि तीत ४६ टक्के नत्र असते, म्हणजे सुमारे २० किलो ७०० ग्रॅम. नुसत्या नत्रासाठी एका युरियाच्या गोणीऐवजी गांडूळ खताच्या चाळीसहून अधिक पिशव्या लागतील!

याचा अर्थ गांडूळ खत निरुपयोगी असा मुळीच नाही. त्याचे खरे मोल कर्बात आहे. कर्बामुळे जमीन भुसभुशीत होते, पाणी धरते, तिच्यातले जीवजंतू वाढतात. हे काम युरिया करू शकत नाही. मात्र कोणी विक्रेता सांगू लागला की "आमची एक पिशवी म्हणजे युरियाची एक गोणी", तर त्याचे बोलणे खोटे आहे हे आपल्याला या साध्या गुणाकाराने कळते. स्फुरदयुक्त सेंद्रिय खताचेही तसेच. त्यात सुमारे १० टक्के स्फुरद असते, डीएपीत ४६ टक्के. शिवाय सेंद्रिय खतातील स्फुरद सावकाश लागू पडते.

ओलाव्याचाही हिशोब करावा. गांडूळ खतात ओलावा १५ ते २५ टक्के असावा. २५ टक्के ओलाव्याच्या ५० किलो पिशवीत साडेबारा किलो पाणीच असते. तोच ओलावा ४० टक्के झाला की पाणी २० किलो. असली पिशवी घेणारा शेतकरी खताच्या भावाने पाणी विकत घेतो.

आरोग्याचा प्रश्न

शहरी कंपोस्टच्या बाबतीत पैशांपेक्षा मोठी गोष्ट आरोग्याची आहे. शहराच्या कचऱ्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे, फुटक्या ट्यूबलाइट असे काय काय असते. कचरा वेगळा न करता कुजवला तर शिसे, कॅडमियम, पारा असे जड धातू खतात उतरतात. हे धातू कुजत नाहीत. ते जमिनीत साठतात, आणि तेथून विशेषतः पालेभाज्यांमध्ये येतात. म्हणून शहरी कंपोस्टच्या एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक नसावा, असे बंधन आहे. रोगजंतूही त्यात असता कामा नयेत. बिगर पिशवीचे, ट्रॉलीने येणारे शहरी कंपोस्ट स्वस्त मिळाले तरी तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय शेतात टाकू नये. काच आणि पत्रा असलेले खत उघड्या हातापायांनी पसरणे धोक्याचे आहे. जखम झालीच तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

गुजरातेत एरंडी पुष्कळ पिकते, त्यामुळे एरंडीची पेंड खत म्हणून सहज मिळते. खत म्हणून ती उत्तम. परंतु तीत विष असते आणि गुरे किंवा कुत्री ती खाऊन मरू शकतात. चाऱ्याच्या पेंडीशेजारी तिची गोणी कधीही ठेवू नये आणि रिकामी गोणी चाऱ्यासाठी वापरू नये.

कायदा काय सांगत नाही?

पिशवी कायद्याप्रमाणे आहे याचा अर्थ इतकाच, की आतला माल ठरलेल्या प्रमाणात आहे. उत्पादन वाढेल याची ती हमी नव्हे. तसेच ज्यांना आपला माल प्रमाणित सेंद्रिय म्हणून विकायचा आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खत नियंत्रण आदेश वेगळा आणि सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र वेगळे. दुकानात कायदेशीर विकले जाणारे प्रत्येक सेंद्रिय खत प्रमाणपत्राच्या शेतीत चालतेच असे नाही. वापरण्यापूर्वी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विचारावे, नाहीतर केलेले कष्ट वाया जातात.

घरच्या घरी थोडी परीक्षा करता येते. मूठभर खत दाबून पाहावे, पाणी ठिबकू नये. वास घ्यावा. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास चांगला, सडका वास म्हणजे खत कच्चे. काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवावे, वाळू असेल तर तळाशी बसते. खत-माती मिसळून त्यात वीस मूग पेरावेत आणि नुसत्या मातीतही वीस पेरावेत. खतातले कमी उगवले तर ते खत पिकाला देण्याजोगे नाही. मात्र जड धातू आणि घटकांचे टक्के या परीक्षांनी कळत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते.

फसवणूक झाली तर?

पक्के बिल घ्यावे. बिल देणे दुकानदारावर कायद्याने बंधनकारक आहे, तसेच साठा आणि भाव यांचा फलक लावणेही. "बिल घेतले तर महाग पडेल" असे सांगणाऱ्याकडून खत घेऊच नये. युरिया किंवा डीएपी हवे असेल तर ही दुसरी बाटली घ्यावीच लागेल, अशी बळजबरी कोणी करू लागला तर तेही चूक आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी नकली खते आणि अशी बळजबरी यांवर कारवाई करण्यासाठी सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आहे.

शंका आल्यास एक पिशवी न उघडता ठेवावी. रिकाम्या पिशव्या आणि बिल जपून ठेवावे, आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या खेतीवाडी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. उशीर करू नये, कारण खत निरीक्षकाला दुकानातल्या बंद पिशव्यांतून नमुना घ्यावा लागतो. माल खपून गेल्यावर नमुना कशाचा घेणार? किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या नंबरावर फुकट सल्ला मिळतो. गुन्हा सिद्ध झाल्यास जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तुरुंगाची शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. एकट्याने अर्ज करण्यास संकोच वाटत असेल तर त्याच दुकानातून माल घेतलेल्या पाचदहा जणांनी मिळून करावा. दहा सह्यांचा अर्ज सहसा फाईलखाली दबत नाही.

शेवटी घरच्या उकिरड्याविषयी. स्वतःच्या शेतासाठी केलेल्या खताला कोणतेही लेबल लागत नाही. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे तीन टनांच्या ट्रॉलीत सुमारे १५ किलो, आणि वर भरपूर कर्ब. उकिरड्यावर सावली करावी, त्यात प्लास्टिक जाऊ देऊ नये, महिन्या-दोन महिन्यांनी वरखाली करावे. महिला मंडळांनी गांडूळ खत करून विकायचे ठरवले, तर पिशवीत भरण्यापूर्वी खेतीवाडी कार्यालयात परवानगीची चौकशी करावी. विकणारे आपण झालो की कायदा आपल्यालाही लागू होतो. जे आपण दुसऱ्याच्या पिशवीत शोधतो, तेच आपल्या पिशवीत असले पाहिजे.