खाते एक, पडदे अनेक: संमती कोणाची? (लेखांक ७)

मागील लेखांकात एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची ओळख करून देण्यात आली. पाठवणाऱ्याच्या उपकरणावर कूटबद्ध झालेला संदेश घेणाऱ्याच्या उपकरणावरच उलगडावा आणि मधल्या सर्व्हरला तो वाचता येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. त्या विवेचनात प्रत्येक व्यक्तीकडे एकच उपकरण आहे असे सोयीसाठी धरले होते. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने ही व्यवस्था आपल्या सर्व वापरकर्त्यांना लागू केली तेव्हा ते बव्हंशी खरेही होते. आज मात्र एकच खाते फोनवर, कार्यालयातील संगणकावर आणि घरातल्या टॅबवर एकाच वेळी उघडे असते, त्यामुळे संदेश वाटेत कोणी वाचतो का यापेक्षा तो पोहोचल्यावर कोणासमोर उघडतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

जानेवारी २०१५ मध्ये आलेले व्हॉट्सॲप वेब हे खऱ्या अर्थाने दुसरे उपकरण नव्हतेच. संगणकाच्या पडद्यावर दिसत असे ते फोनचेच प्रतिबिंब. संदेश उलगडणाऱ्या सर्व किल्ल्या फोनमध्ये राहत आणि फोनचे इंटरनेट तुटले की संगणकही निरुपयोगी होत असे. वापरणाऱ्यांना ही कटकट वाटे, आणि ती कटकट होतीही. परंतु मालकाने फोन बंद केला की दुसरीकडचे वाचनही थांबत असे, हे संरक्षण त्याच कटकटीतून आपोआप मिळत होते, याची दखल फारशी कोणी घेतली नाही. जुलै २०२१ मध्ये चाचणी स्वरूपात जाहीर झालेल्या बहु-उपकरण रचनेने हे चित्र बदलले. या रचनेत प्रत्येक उपकरणाला स्वतःची ओळख-किल्ली असते, म्हणजे ते उपकरण नेमके तेच आहे हे सिद्ध करणारी स्वतंत्र गुप्त संख्या असते. सर्व्हर खात्याशी जोडलेल्या उपकरणांची यादी ठेवतो, आणि दोघांमधील संभाषणात पाठवणाऱ्याचे ॲप त्या यादीतील प्रत्येक उपकरणासाठी एकाच संदेशाची वेगळी कूटबद्ध प्रत तयार करते. नव्याने जोडलेल्या उपकरणाकडे अलीकडच्या संभाषणांची प्रतही पाठवली जाते. मुख्य फोन बंद असला तरी जोडलेली उपकरणे (जास्तीत जास्त चार) काम करत राहतात आणि तो १४ दिवसांहून अधिक काळ वापरला गेला नाही, तर ती आपोआप खात्याबाहेर पडतात.

सर्व्हरनेच एखादे अनोळखी उपकरण यादीत घुसवू नये यासाठी मुख्य फोन नव्या उपकरणाच्या किल्लीवर डिजिटल स्वाक्षरी करतो, आणि नवे उपकरण मुख्य फोनच्या किल्लीवर उलट स्वाक्षरी करते. गणिताच्या बाजूने ही योजना भक्कम आहे. अडचण एवढीच की स्वाक्षरी फोन करतो, फोनचा धनी करतोच असे नाही. पडद्यावरचा क्यूआर कोड टिपला किंवा आठ अक्षरांचा जोडणी-कोड भरला की उपकरण जोडले जाते. त्याआधी बोटाचा ठसा, चेहरा किंवा फोनच्या कुलपाचा आकडा विचारला जाऊ शकतो, पण ज्या घरात तो आकडा सर्वांना ठाऊक असतो, किंवा तो न सांगणे हाच संशयाचा पुरावा मानला जातो, तिथे ही पायरी नावापुरती उरते. अशा वेळी यंत्राच्या दृष्टीने संमती मिळालेली असते, व्यक्तीच्या दृष्टीने ती कधीच दिलेली नसते.

दूरवरूनही हीच फट वापरता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या सायबर-धोका संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, रशियाशी संबंधित हल्लेखोरांनी सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरणाऱ्या युक्रेनी लोकांना गटाचे निमंत्रण भासावे असे बनावट क्यूआर कोड पाठवले. तो कोड टिपताच हल्लेखोराचे उपकरण त्या खात्याशी जोडले जाई आणि पुढचे संदेश दोन्हीकडे पोहोचत. एन्क्रिप्शन कुठेही मोडले गेले नव्हते. ते चोख काम करत होते, फक्त आणखी एका वाचकासाठी.

व्हॉट्सॲपच्या या रचनेचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग म्हणजे संभाषणातील दुसरी व्यक्ती. समोरच्याने फोन बदलून खाते नव्याने नोंदवले की सुरक्षा-कोड, म्हणजे दोघांच्या किल्ल्यांवरून बनणारी पडताळणीची संख्या, बदलतो आणि हवी असल्यास तशी सूचना मिळते. नवीन उपकरण केवळ जोडले असता मात्र ही पडताळणी पुन्हा करावी लागू नये, अशी स्वयंचलित सोय २०२१ च्या रचनेत मुद्दाम ठेवण्यात आली, कारण दरवेळी सूचना आल्या असत्या तर लोकांनी त्यांच्याकडे लक्ष देणेच सोडले असते. कारण रास्त आहे, परिणाम मात्र एकतर्फी आहे: मैत्रिणीला विश्वासाने लिहिलेला मजकूर तिच्या नवऱ्याच्या लॅपटॉपवरही उमटतो आहे, हे लिहिणारीला आपोआप कळण्याची वाट उरत नाही. टेलिग्रामच्या गुप्त संभाषणांनी उलट टोक गाठले आहे. ती ज्या उपकरणावर सुरू झाली त्यावरच राहतात, पण त्याच ॲपची नेहमीची संभाषणे कंपनीच्या सर्व्हरवर साठवली जातात आणि त्यांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसते, त्यामुळे हा आदर्श अर्धवटच म्हणावा लागतो.

शासनाने या प्रश्नाकडे फसवणुकीच्या अंगाने पाहिले आहे. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांत मेसेजिंग सेवा चालू सिमकार्डाशी सतत जोडलेली असावी आणि वेबवरील सत्र सहा तासांच्या आत आपोआप बंद व्हावे, असे म्हटले आहे. परक्या हाती गेलेले सत्र त्यामुळे लवकर तुटेल. पण ज्याला त्या फोनला रोज हात लावता येतो, तो कोड पुन्हा टिपू शकतो.

कायद्याचा आधार शोधू लागले की विस्कळीतपणा दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, तसेच ती देण्याइतकीच मागे घेणेही सोपे असावे, असे सांगितले. परंतु व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला डेटाचा वापर याच कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ संगणकात विनापरवानगी शिरण्याला मनाई करते, मात्र ती परवानगी उपकरणाच्या मालकाची किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची असते, आणि फोन कोणी विकत घेतला हा वाद कुटुंबात कधीच सरळ नसतो. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीश चंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने जोडीदाराचे गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले फोन-संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरले. तो निकाल जोडलेल्या उपकरणांविषयी नाही, आणि पुरावा स्वीकारला म्हणून तो मिळवण्याची रीत योग्य ठरते असेही नाही. तरी चोरून मिळवलेल्या मजकुराला न्यायालयात किंमत येऊ शकते, एवढे त्यातून दिसतेच.

या सर्वांत प्रश्नाला थेट भिडणारी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, पाठलागाच्या गुन्ह्यात आहे. पुरुषाने एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे हा या कलमाने गुन्हा ठरतो, आणि पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. कलमात काही अपवाद आहेत, पण पतीला म्हणून वेगळी सूट त्यात लिहिलेली नाही. पाळत ठेवलेली व्यक्ती पुरुष असेल, तर मात्र हे कलम लागू होत नाही.