मतपेटीविना सिनेटर

वॉशिंग्टन : 24 जानेवारी 2025 च्या रात्री संरक्षणमंत्रिपदासाठी पीट हेगसेथ यांचं नाव सिनेटपुढे आलं, तेव्हा बाजूने 50 आणि विरोधात 50 मतं पडली. उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या निर्णायक मताने ते मंजूर झालं. बाजूच्या पन्नासांतल्या दोघांना मतदारांनी सिनेटवर पाठवलेलंच नव्हतं. खुद्द व्हान्स यांनी सोडलेल्या ओहायोच्या जागेवर जॉन हस्टेड आणि परराष्ट्रमंत्री झालेल्या मार्को रुबिओंच्या फ्लोरिडाच्या जागेवर ॲश्ली मूडी, दोघंही आपापल्या गव्हर्नरने नेमलेले. शपथ घेऊन त्यांना तीनच दिवस झाले होते.

इथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नसतो. तो लोकांनी निवडलेला, पक्षाचा, राज्याचा कारभार हाकणारा माणूस. प्रतिनिधिगृहाची रिकामी जागा तो भरू शकत नाही. तिथे निवडणूकच घ्यावी, असं मूळ राज्यघटनेत आहे. सिनेटर मात्र पूर्वी राज्यांची विधिमंडळं निवडत. 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीने तो हक्क मतदारांना मिळाला, पण विधिमंडळाने मुभा दिल्यास गव्हर्नरने तात्पुरती नेमणूक करावी, ही तरतूदही तिच्यातच आली. तात्पुरती म्हणजे किती, हे राज्यांवर सोडलं. ओहायो आणि फ्लोरिडाच्या मतदारांची पाळी ठरली नोव्हेंबर 2026 मध्ये. जवळजवळ दोन वर्षं!

2008 मध्ये बराक ओबामांची जागा रिकामी झाली, तेव्हा इलिनॉयचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच तिचा सौदा करताना एफबीआयच्या टेपवर सापडले. अटकेनंतर तीन आठवड्यांनी याच गृहस्थांनी रोलंड बरिस यांना नेमलं आणि थोडी खळखळ करून सिनेटने त्यांना आत घेतलं, कारण अधिकार कायदेशीर होता. मला लाचेपेक्षा हे अधिक गंभीर वाटतं.

राज्याचं एक मत बुडू नये, असं नेमणुकीचे समर्थक म्हणतात. पुणेकरांना हा मुद्दा पटेल. गिरीश बापटांच्या निधनानंतर, मार्च 2023 पासून 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत, पुण्याला खासदारच नव्हता. पोटनिवडणुकीची सहा महिन्यांची मुदत कागदावर राहिली.

म्हणून मला मॅसॅच्युसेट्सचा कायदा जवळचा वाटतो. त्याचा इतिहास काही उजळ नाही. जॉन केरी अध्यक्ष झाले तर त्यांची जागा रिपब्लिकनांकडे जाईल, या भीतीने 2004 मध्ये डेमोक्रॅट विधिमंडळाने गव्हर्नर मिट रॉम्नींचा अधिकार काढून घेतला. 2009 मध्ये राज्याचे दुसरे सिनेटर टेड केनेडी वारले, तेव्हा गव्हर्नर आपल्या पक्षाचा होता, म्हणून तो परत दिला. पण 145 ते 160 दिवसांत निवडणूक घेण्याचं बंधन कायम राहिलं. नेमलेले पॉल कर्क निवडणुकीला उभे राहिले नाहीत, आणि जानेवारी 2010 मध्ये मतदारांनी चक्क रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन यांना निवडलं. हीच मुदत ओहायो आणि फ्लोरिडाला असती, तर जून 2025 संपण्याआधी तिथल्या लोकांनी आपले सिनेटर स्वतः निवडले असते.