माल निघाला! (भाग ७) : टू-पेचं भाडं नक्की कोण भरतं?

वाहतूक बाहेर देताना करारात काय काय लिहून घ्यायचं, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांचं पत्र आलंय. ते विचारतात, 'आमचा सगळा माल टू-पे जातो, भाडं व्यापारी भरतो. मग आम्ही कुणाला काय बाहेर द्यायचं?' टू-पेवर माझा जुनाच राग आहे, तेव्हा आज तोच विषय.

बिल्टी हातात घेऊन बघा. पाठवणारा, घेणारा, नग, प्रत्यक्ष वजन, आकारणीचं वजन आणि भाड्यापाशी 'पेड' किंवा 'टू-पे'. टू-पे असेल तर माल सोडवून घेणारा भाडं मोजतो. रिव्हर्स चार्जने जीएसटी लागत असेल, तर तोही भाडं देणाऱ्याच्याच माथी. कारखानदाराच्या वहीत काय येतं? ट्रान्स्पोर्टच्या गोडाऊनपर्यंतचा टेम्पो आणि हमाली. बाकी शून्य.

हे शून्य फसवं आहे. नागपूरचा व्यापारी हिशेब धरतो तो दुकानात पोचलेल्या टॉवेलचा. भाडं चढलं की पुढच्या ऑर्डरला तो दर खाली ओढतो, नाहीतर वटाव वाढवून मागतो. भाडं शेवटी आपल्याच गल्ल्यातून जातं, पण त्याची पावती मिळत नाही.

पावती नसल्यामुळे लक्षही नसतं. टॉवेल म्हणजे फुगीर माल. गाठ सैल बांधली की गाडीत जागा खाते आणि आकारणीचं वजन वाढतं. स्वतः भाडं भरणारा कारखानदार गाठ घट्ट प्रेस झाली की नाही ते उभं राहून बघेल. टू-पेवाला कशाला बघेल? आता समजा, एकाच आठवड्यात नागपूरच्या चार दुकानदारांना दोन-दोन गाठी निघाल्या आणि प्रत्येकाने आपापला ट्रान्स्पोर्ट कळवला. चार बिल्ट्या, चार गोडाऊन, चार ठिकाणची हमाली. या आठ गाठी एकत्र जाऊ शकल्या असत्या, हे कारखान्यात कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ध्यानात येतं ते हुंडेकऱ्याच्या. जकातीच्या काळात वाटेतल्या नाक्यांचे पैसे स्वतः भरून, ठोक रकमेत माल पोचता करून देणारा हा गडी. मार्केट यार्डात तो आजही आहे. कुठल्या कारखान्याचा किती माल कुठल्या गावाला जातो, हे मालकापेक्षा ट्रान्स्पोर्टच्या बुकिंग क्लार्कला जास्त पाठ असतं. म्हणजे केंद्रीकरण झालेलंच आहे, फक्त ते त्याच्या टेबलावर झालंय.

खरेदीदाराने भाडं भरणं मुळात वाईट नाही. ब्रिटनच्या टेस्कोने २००० नंतरच्या वर्षांत पुरवठादारांना हेच सांगितलं. दरातून भाडं बाजूला काढा, कारखान्याच्या दारातला दर द्या, माल उचलायचं आम्ही बघतो. पण तिथे सगळ्या पुरवठादारांचा माल एका हाताने गोळा होऊ लागला आणि दुकानांत माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांनाही काम मिळालं. आपल्याकडे एका कारखान्याचे पंचवीस व्यापारी पंचवीस वाटांनी माल नेतात. एक्स्पोर्टवाल्यांनीही हसू नये. एफओबीत न्हावा शेवाला बोटीवर चढेपर्यंत माल तुमचा, पुढचं समुद्रभाडं खरेदीदाराचं आणि फॉरवर्डरही बहुधा त्यानेच नेमलेला.

तेव्हा पत्रलेखकांना उत्तर असं, की वाहतूक तुम्ही कधीच बाहेर दिलेली आहे, पंचवीस जणांना आणि एकही करार न करता. ती आधी गोळा करा. तीन महिने प्रत्येक टू-पे बिल्टीचं भाडं वहीत मांडा. बिल्टीवर रक्कम नसेल तर व्यापाऱ्याला फोन करून विचारा. मग गाववार बेरीज घ्या. ज्या दोन-तीन गावांची बेरीज डोळ्यात भरेल, तिथे पोच दर देऊन माल 'पेड' करा. महिन्याकाठी एखादी गाठ जाते, ती गावं खुशाल टू-पे राहू द्या.

ही बेरीज हाताशी असेल, तरच पुढच्या आठवड्यातला करार कामाचा. नाहीतर ट्रान्स्पोर्टवाला सांगेल तो दर स्वस्त की महाग, हे तुम्ही कशावरून ठरवणार?