टायमिंग चेनचा खडखडाट: इंजिन खोलण्याआधी टेन्शनर बघा

नेहमीप्रमाणे, ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही किंवा ज्यांना हातात पाना धरून मोबाइलवर वाचायचंय, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून देतोय. बोलताना जे दोनदा झालं ते एकदाच ठेवलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे एक आवाज. सकाळी थंड गाडी सुरू केली की इंजिनच्या एका बाजूने खडखड येते, डब्यात खिळे टाकून हलवल्यासारखी. थोडा रेस दिला की कमी होते, थ्रॉटल सोडला की परत येते. गाडी पळते, ॲव्हरेज ठीक असतं, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. मग एक दिवस गॅरेजमध्ये कोणी म्हणतं, "इंजिन खोलावं लागेल." आणि पोटात गोळा येतो.

असाच एक व्हॉइस मेसेज एका श्रोत्याने पाठवला होता. तो पार्सल पोचवतो. गाडी चार दिवस उभी राहिली की चार दिवसांचं उत्पन्न बुडतं. त्याने आवाजही रेकॉर्ड करून पाठवला आणि विचारलं, "इंजिन खरंच खोलावं लागेल का?" खरं सांगतो, मोबाइलच्या रेकॉर्डिंगवरून असं ठामपणे सांगता येत नाही. पण इंजिन खोलण्याआधी कुठल्या क्रमाने काय तपासायचं, हे मात्र नक्की सांगता येतं.

ही चेन करते काय?

आपल्या फोर-स्ट्रोक इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि वर हेडमध्ये कॅम फिरतो. कॅम व्हॉल्व्ह उघडतो. या दोघांना जोडणारी आतली छोटी चेन म्हणजे कॅम चेन. आपल्याकडे गॅरेजमध्ये तिला टायमिंग चेन म्हणतात. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरला पाहिजे, म्हणून वरच्या स्प्रॉकेटला खालच्याच्या दुप्पट दात असतात. गाडी ६००० आरपीएमवर असेल तर कॅम मिनिटाला ३००० वेळा फिरतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि बंद होतो. हा ताळमेळ पूर्णपणे त्या चेनच्या भरवशावर असतो.

चेन वापराने "ताणते" असं आपण म्हणतो. खरं तर लोखंड ताणत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश झिजतात आणि ती थोडी थोडी झीज मिळून चेन लांब होते. ही ढील खाऊन टाकायला एक दांडा मागून पट्टीला दाबत असतो आणि ती पट्टी चेनला दाबते. तो दांडा म्हणजे टेन्शनरचा प्लंजर. चेन जशी लांब होते तसा तो आपोआप पुढे सरकतो आणि मागे येत नाही. निदान येऊ नये.

तो अडकला, किंवा दाबल्यावर मागे जायला लागला, की चेन सैल पडून आतल्या भिंतीवर आपटते. तोच तो खडखडाट.

आणि हा प्रश्न फक्त आवाजाचा नाही. चेन फार सैल झाली तर स्प्रॉकेटवरून एक दात उडी मारू शकते. समजा वरच्या स्प्रॉकेटला ३४ दात आहेत. एक दात चुकला की कॅम साधारण साडेदहा अंश चुकला, क्रँकच्या हिशोबाने २१ अंश. गाडी नीट सुरू होणार नाही, ओढणार नाही. आणखी दात सुटले तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग मात्र इंजिन खोलणं टळत नाही.

तुमच्या गाडीत आहे का?

यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोक आहे. तिच्यात कॅम नाही आणि कॅमने उघडणारे व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे ही चेनही नाही. जुन्या बुलेटमध्ये पुशरॉड आहेत, तिथेही ही चेन नाही. पण रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मीटिओर ३५० आणली, त्या नव्या इंजिनात कॅम वर हेडमध्ये आहे आणि त्याला चेन आहे. स्प्लेंडरमध्ये टेन्शनरचा दांडा आणि स्प्रिंग इंजिनच्या खालच्या बाजूने, एका बोल्टमागे बसतात. तिथे काम करायचं तर आधी ऑइल काढावं लागतं. आज मी जो प्रकार सांगतोय तो १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत असतो: सिलिंडरच्या मागे, कार्ब्युरेटरच्या खाली, दोन बोल्टवर बसलेला छोटा टेन्शनर, मधोमध एक लहान बोल्ट आणि त्याच्या आत स्क्रू ड्रायव्हरची खाच.

आधी स्वस्तातलं तपासा

पहिलं, ऑइल. लेव्हल बघा आणि शेवटचं कधी बदललं ते आठवा. ऑइल कमी असेल तर इंजिन सगळीकडूनच वाजतं.

दुसरं, टॅपेट. टॅपेटचा आवाज बारीक, ठरावीक लयीतला असतो: टिक-टिक-टिक, शिलाई मशीनसारखा. चेनचा आवाज विस्कळीत असतो, त्याला लय नसते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. वर हेडजवळ जास्त ऐकू आलं तर टॅपेटवर संशय, सिलिंडरच्या चेनच्या बाजूला जास्त आलं तर टेन्शनरवर. फिरत्या भागांपासून आणि गरम सायलेन्सरपासून लांब राहा.

ऑइल नीट आहे, टॅपेट बरोबर आहेत, तरी खडखड आहे? मग टेन्शनर काढायचा.

सगळ्यात महत्त्वाची पायरी

टेन्शनरला हात लावण्याआधी गाडी टायमिंगला लावायची. ही पायरी सोडायची नाही. का? कॅम जर व्हॉल्व्ह दाबून बसला असेल, तर व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याला उलट ढकलत असते. टेन्शनर निघाला, चेन सैल झाली, की कॅम स्वतःहून टुणकन फिरतो आणि दात चुकतो. म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी इंजिन ठेवायचं.

गाडी डबल स्टँडवर, इंजिन पूर्ण थंड. किल्ली काढून खिशात. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. मॅग्नेट कव्हरवरची झाकणं उघडा. टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा आणि खिडकीतून बघा: मॅग्नेटवरची 'टी'ची खूण कव्हरच्या खाचेसमोर आली पाहिजे. आता टॅपेट कव्हर उघडून दोन्ही रॉकर बोटाने हलवा. दोन्ही किंचित सैल लागले तर जागा बरोबर. एखादा घट्ट असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा, परत 'टी'वर आणा. मग गाडी न्यूट्रल करा. इथून पुढे टेन्शनर परत बसेपर्यंत किक नाही, सेल्फ नाही, चाक फिरवणं नाही.

काढणं

आजूबाजूची माती ब्रश आणि रॉकेलने साफ करा, नाहीतर ती भोकातून थेट इंजिनात जाईल. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, परत बसवताना उपयोगी पडतो.

मधला लहान बोल्ट काढा. आत बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवा, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बरोबर दिशा ओळखायची खूण सोपी आहे: फिरवताना स्प्रिंगचा जोर वाढत जातो आणि सोडलं की स्क्रू ड्रायव्हर स्वतःच उलटा फिरतो. प्लंजर पूर्ण आत घेऊन धरून ठेवा आणि दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सोडा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बोल्ट नुसते ढिले करून, "जाऊ दे" म्हणून परत आवळायचे नाहीत. ढिले करताना प्लंजर पुढे सरकलेला असतो आणि तो मागे येत नाही. तसाच आवळला तर चेन प्रमाणाबाहेर घट्ट होते, पट्टी झिजते, नाहीतर टेन्शनर फुटतो. एकदा सोडला की पूर्ण काढा आणि प्लंजर आत घेऊनच बसवा.

तपासणी

टेन्शनर हातात आला. आता तीन गोष्टी बघा.

एक: प्लंजर बाहेर असताना अंगठ्याने जोरात दाबा. आत गेला नाही पाहिजे. जात असेल तर टेन्शनर संपला.

दोन: स्क्रू ड्रायव्हरने आत घ्या आणि सोडा. एका दमात, न अडखळता बाहेर आला पाहिजे. अडखळला तर रॉकेलमध्ये धुवा, चार-पाच वेळा आत-बाहेर करा, सुकवा आणि इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा. तरीही अडखळला तर नवा घ्या. आतली सर्किल काढून तो खोलायच्या फंदात पडू नका. आत गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती सुटली की परत तेवढीच बसवणं घरी जमत नाही. स्प्रिंग ताणून किंवा मागे वॉशर घालून जोर वाढवायचा जुगाडही नको.

तीन: टेन्शनर काढण्याआधी प्लंजर किती बाहेर आलेला होता? जवळजवळ शेवटपर्यंत असेल, तर दोष टेन्शनरचा नाही. चेनच लांब झालीय. नवा टेन्शनर घातला तरी काही दिवसांत आवाज परत येईल.

बसवणं

जुनं पॅकिंग खरवडून साफ करा, तुकडा आत पडू देऊ नका. पॅकिंग नवीन लावा. सिलिकॉनचा थर चोपडू नका, त्याचे गोळे सुटून ऑइलच्या वाटेत अडकतात. प्लंजर आत घेऊन धरा. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची 'टी' आकाराची चावी कापून घेतली तर खाचेत अडकवता येते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बोल्ट आधी हाताने लावा, मग आळीपाळीने आवळा. हे सहा मिलिमीटरचे बोल्ट, समोर ॲल्युमिनियम. साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे लहान पाना आणि मनगटाचा जोर. खांद्याचा जोर लावलात तर आटे गेलेच.

आता चावी काढा. 'टक्' आवाज येईल, म्हणजे प्लंजर चेनच्या पट्टीला जाऊन भिडला. मधला बोल्ट त्याच्या वॉशरसकट लावा.

सुरू करायची घाई नको. परत टॉप गिअर टाका आणि चाकाने क्रँकचे दोन पूर्ण फेरे हळू फिरवा. क्रँकचे दोन म्हणजे कॅमचा एक, म्हणजे सगळं चक्र पूर्ण झालं. 'टी' परत खाचेसमोर आणि रॉकर सैल असले पाहिजेत. मध्ये कुठे धातू अडल्यासारखं कडक लागलं तर थांबा, जोर लावू नका. तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असू शकतो. सगळं मोकळं फिरलं तर गिअर न्यूट्रल, प्लग लावा, झाकणं लावा, गाडी सुरू करा आणि टेन्शनरजवळ ऑइल गळत नाही ना, ते बघा.

गॅरेजला कधी जायचं?

प्लंजर शेवटपर्यंत आलेला होता, नवा टेन्शनर घालूनही खडखड आहे, किंवा ऑइल काढताना त्यात काळ्या रबराचे, प्लास्टिकचे तुकडे दिसले, तर चेन आणि पट्ट्या बदलायची वेळ आलीय. त्यासाठी मॅग्नेट काढावा लागतो, बऱ्याचदा हेडही. ते काम चांगल्या मेकॅनिककडेच द्या. फक्त आता जाल तेव्हा "आवाज येतोय, बघा जरा" एवढंच सांगू नका. "ऑइल, टॅपेट तपासले, टेन्शनर धरतोय, पण प्लंजर शेवटपर्यंत आलाय" असं सांगा. समोरचा माणूसही मग नेमक्या कामाचं बोलतो आणि बिलात काय कशासाठी लागलं, ते तुम्हाला कळतं.

तर पार्सलवाल्या मित्रा, तुझं उत्तर हे: इंजिन खोलायचं का, ते आज ठरवू नकोस. रविवारी दुपारी दोन-तीन तास काढ, टेन्शनर हातात घे आणि अंगठ्याने दाबून बघ. काम करण्याआधीचा थंड गाडीचा आवाज आणि नंतरचा आवाज, मोबाइल एकाच जागी ठेवून रेकॉर्ड कर आणि दोन्ही पाठव. पुढच्या भागात टॅपेट सेटिंग, फिलर गेज घेऊन बसा. भेटू!