अँटिव्हायरस चुकल्यावर काय?

२१ मार्च २०२१, रविवार, पहाटेचे अडीच. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या यंत्रणेतून आपोआप इशारे येऊ लागले: ॲप्लिकेशन्स बंद पडत आहेत. ‘सिनॅक’ नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडवून धरणाऱ्या प्रोग्रामने, मुंबई मुख्यालयातल्या सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद केली होती. ठिकठिकाणच्या कार्यालयांतल्या काही संगणकांनाही लागण झाली होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला भूखंड असो की पाणीबिल, कारभार याच महामंडळाचा. त्यामुळे ही घटना इथल्या कारखानदारांच्या अगदी दारातली.

त्यातला एक तपशील फार मोलाचा आहे. महामंडळाकडे नामांकित कंपनीचं अँटिव्हायरस होतं, रीतसर परवान्यांसह. पण या रॅन्समवेअरचा तपशील त्या कंपनीकडेच तोवर नव्हता, असं महामंडळाच्या निवेदनात म्हटलं होतं. म्हणून आधी सगळी यंत्रणा नेटवर्कपासून तोडावी लागली. बचावले ते वेगळ्या नेटवर्कवर, क्लाउडमध्ये ठेवलेले बॅकअप.

सुरक्षेची खरेदी करताना आपण विचारतो, ‘हे किती व्हायरस पकडतं?’ माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: पकडलं नाही, तर पुढे काय होईल?

जुन्या पद्धतीचं अँटिव्हायरस फाइलचा ठसा ओळखीच्या ठशांशी ताडून पाहतं. हल्लेखोराने फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं, तरी तिचा गणिती ठसा पूर्ण बदलतो. म्हणून हल्लीची एंडपॉइंट सुरक्षा, म्हणजे प्रत्येक संगणकावर बसवलेलं संरक्षण, वर्तनावरही नजर ठेवते. एखादा प्रोग्राम मिनिटभरात शेकडो फाइली उघडून पुन्हा लिहितो आहे, विंडोजने राखून ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती पुसतो आहे, आणि लिहिलेल्या मजकुरात कसलाच क्रम उरलेला नाही. साध्या मजकुरात अक्षरांची पुनरावृत्ती असते, कूटबद्ध मजकुरात ती जवळजवळ नसते. हा फरक मोजता येतो. प्रोग्रामचं नाव ठाऊक नसलं तरी त्याला थांबवता येतं, ते अशा खुणांच्या जोरावर.

मात्र संशय वाढवला की खोटे इशारेही वाढतात. दिवसाला एक लाख घटना तपासणारी यंत्रणा हजारात एकदाच चुकली, तरी रोज शंभर खोटे इशारे येणार. ते कोण वाचणार? महाडच्या मध्यम कारखान्यात आयटीचं काम बहुधा एकटाच माणूस पाहतो, तोच प्रिंटरही दुरुस्त करतो. तेव्हा डेमो पाहताना विक्रेत्याला सरळ विचारा: रविवारी पहाटे अडीच वाजता इशारा आला, तर फोन कोणाला जाईल, आणि तो संगणक आपोआप नेटवर्कपासून तोडला जाईल का?

फायरवॉलची गोष्ट निराळी. कुठून कुठे आणि कोणत्या पोर्टवरून माहिती जाते आहे ते पाहून ती परवानगी देते किंवा नाकारते. माहितीपत्रकावर छापलेला वेगाचा मोठा आकडा बहुतेक वेळा सखोल तपासणी बंद ठेवून मोजलेला असतो. सगळ्या तपासण्या चालू केल्यावरचा वेग विचारा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतले नियम. बाहेरच्या कंत्राटदाराची सोय म्हणून दूरस्थ डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट कधीतरी उघडलं जातं आणि तसंच राहतं. मग कितीही महागडी फायरवॉल निरुपयोगी.

शिवाय फायरवॉल दारावरच असेल, तर आतल्या आत पसरणाऱ्या हल्ल्याला ती अडवत नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने जगभर धुमाकूळ घातला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला होता, म्हणजे विश्वासातल्या वाटेनेच. मग चोरलेले पासवर्ड आणि विंडोजमधली त्रुटी वापरून तो संगणकामागून संगणक घेत गेला. जहाजवाहतूक करणारा मर्स्क समूह त्यात सापडला, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

रासायनिक कारखान्यांनी तर हे फारच मनावर घ्यायला हवं. त्याच वर्षी सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये हल्लेखोर थेट सुरक्षा-नियंत्रकांपर्यंत पोहोचले. तापमान किंवा दाब हाताबाहेर गेला तर प्लांट बंद करणारी शेवटची यंत्रणा ती हीच. त्या नियंत्रकावर एक खरीखुरी चावी असते. ती ‘प्रोग्राम’ या स्थितीत राहिली होती, म्हणून दुरून फेरफार शक्य झाला. नियंत्रकांनी प्लांट सुरक्षितपणे बंद केला आणि प्रकार उघडकीस आला. तेव्हा कंट्रोल रूमचं नेटवर्क आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यामध्ये वेगळी फायरवॉल हवी, आणि शिफ्ट बदलताना त्या चावीकडेही एक नजर हवी.

पोलादपूरच्या तीन-चार संगणकांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसाला मात्र महागड्या पेटीची गरज नाही. अस्सल विंडोज, वेळेवर अपडेट, विंडोजमधलंच चालू ठेवलेलं संरक्षण, ईमेलला पासवर्डबरोबर ओटीपी: एवढ्याने बराच धोका टळतो. संरक्षण जागं आहे का हे पाहायला ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल मोफत मिळते. ती उतरवताच इशारा यायला हवा. तो आला म्हणजे यंत्रणा चालू आहे इतकंच कळतं, ती नवा हल्ला पकडेल असं नाही.

बॅकअपचं महत्त्व महाडकरांना वेगळं सांगायला नको. जुलै २०२१च्या पुरात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्ड डिस्क यांचं नशीब एकच होतं. रॅन्समवेअरही जोडून ठेवलेली डिस्क सोडत नाही. एक प्रत गावाबाहेर आणि नेटवर्कपासून तुटलेली हवीच.

आणखी एक नियम ध्यानात ठेवा. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. तुमची फायरवॉल किती दिवसांच्या नोंदी ठेवते, हे खरेदीआधीच विचारा.

नवं कोटेशन मागवण्यापूर्वी एक करा. एखाद्या शनिवारी रिकाम्या संगणकावर निव्वळ बॅकअपमधून टॅली आणि मागच्या महिन्याची बिलं उभी करून पाहा. किती तास लागले, काय परत आलं नाही, ते लिहा आणि तो कागद मालकांच्या टेबलावर ठेवा. खरेदी काय करायची ते त्यानंतर ठरवा.