श्रीलंकेची सहल स्वतः आखताना

श्रीलंकेच्या सहलीची आखणी पावसापासून सुरू करावी लागते. विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे ६ ते १० अंशांवर पसरलेल्या या बेटाच्या किनाऱ्यावर उकाडा बारा महिने असतो. ऋतू बदलतो तो पावसाने. हा पाऊस वर्षातून दोनदा येतो आणि दोन वेगळ्या दिशांनी येतो. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल आणि मध्यवर्ती डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतात. तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचे वारे पूर्वेला आणि उत्तरेला पाऊस देतात, तर नैर्ऋत्य किनाऱ्यावर लख्ख ऊन असते. सह्याद्रीमुळे कोकण चिंब होते आणि माणदेश कोरडा राहतो, तोच प्रकार इथे दिशा बदलून दोनदा घडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र पाऊस जवळजवळ सर्वत्र असतो आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचीही भीती असते.

मराठी कुटुंबांच्या सुट्ट्या या वेळापत्रकाशी ताडून पाहाव्यात. नाताळच्या सुट्टीत दक्षिण आणि पश्चिम किनारा उत्तम. मे महिन्यात जायचे असेल, तर किनाऱ्यासाठी पूर्वेकडचे त्रिंकोमाली निवडावे. दिवाळीची सुट्टी सर्वांत बेभरवशाच्या दिवसांत येते. तेव्हा जाणे भाग असेल, तर कार्यक्रमात एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत.

महिना ठरला की मार्ग ठरतो. श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक-पंचमांश. त्यामुळे आठवड्याभरात सगळा देश पाहून होईल असे वाटते आणि इथेच आखणी फसते. कोलंबो ते कँडी हे अंतर सुमारे ११५ किलोमीटर आहे, पण रस्त्याने तीन ते चार तास सहज लागतात. द्रुतगती मार्ग सोडले तर रस्ते अरुंद आहेत, डोंगरात वळणे अखंड आहेत. अंतर किलोमीटरऐवजी तासांत मोजावे, एका दिवसात चार तासांहून जास्त प्रवास ठेवू नये आणि मुख्य ठिकाणी किमान दोन रात्री काढाव्यात.

हिवाळ्यातील दहा रात्रींचा मार्ग असा बसतो. पहिल्या दोन रात्री दांबुल्ला-सिगिरिया परिसरात. पाचव्या शतकात राजा कश्यपाने उभ्या कातळावर बांधलेला सिगिरियाचा राजवाडा आणि दांबुल्लाची बौद्ध लेणी इथे जवळजवळ आहेत. कातळाची चढण उन्हे तापण्याआधी, पहाटेच करावी. पुढे दोन रात्री कँडीत, जिथे श्री दलदा मालिगावा या मंदिरात बुद्धाचा दंतधातू जपलेला आहे. मग चहाच्या मळ्यांतून जात एल्लाला दोन रात्री, बिबट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘याला’ राष्ट्रीय उद्यानाजवळ एक, गॉलच्या तटबंदीतील जुन्या शहरात दोन आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला. मे महिन्यात हाच आराखडा दांबुल्ला, पोलोन्नारुवा, त्रिंकोमाली आणि कँडी एवढ्यात आटोपता घ्यावा. राष्ट्रीय उद्यान पाहायचे असेल, तर ते चालू असल्याची खात्री आधी करावी. ‘याला’चा मुख्य भाग बहुधा सप्टेंबरच्या सुमारास काही आठवडे बंद असतो.

प्रवासाची साधने तीन. कँडी ते एल्ला ही रेल्वे सहा-सात तास घेते, पण मळे, बोगदे आणि दऱ्या पाहत जाण्याचा आनंद दुसऱ्या कोणत्याही वाहनात नाही. आरक्षित जागा फार लवकर संपतात, म्हणून आरक्षण उघडताच तिकीट काढावे. अतिवृष्टीत या मार्गावर दरडी कोसळतात. गाडी पूर्ण मार्गावर धावत आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासावे. बस स्वस्त आहेत आणि सर्वदूर जातात, मात्र सामान ठेवायला जागा अपुरी पडते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर चालकासह गाडी सर्वांत सोयीची. रोजचे भाडे, किलोमीटरची मर्यादा, टोल आणि चालकाच्या राहण्या-जेवणाचा खर्च आधीच लेखी ठरवावा. गाडी स्वतः चालवायची तर भारतीय परवाना पुरत नाही. तिथली परवानगी वेगळी घ्यावी लागते.

दिनदर्शिकेवरही नजर हवी. दर पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’ दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते. मद्यविक्री बंद असते आणि मंदिरे गजबजलेली असतात. १३-१४ एप्रिलच्या सुमारास सिंहली-तमिळ नववर्षासाठी लोक गावी जातात, तेव्हा दुकाने बंद आणि गाड्या भरलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीत एसला पेराहेरा ही हत्तींची भव्य मिरवणूक निघते. ती पाहायची तर खोली काही महिने आधी राखावी.

खर्चाचा अंदाज बांधताना प्रवेशशुल्क विसरू नये. सिगिरियासारख्या स्थळांवर परदेशी पर्यटकांचे तिकीट बरेच महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. भात, परिप्पू म्हणजे मसुराची आमटी, कोवळ्या फणसाची भाजी आणि आप्पम सगळीकडे मिळतात. पण खोबऱ्याच्या पोल सांबोलमध्ये आणि कित्येक भाज्यांत उंबलकडा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा, घातलेला असतो. प्रत्येक वेळी विचारून घेणे बरे.

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे व टोपी बाहेर ठेवावी आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली. डेंग्यू मात्र आहे, म्हणून डासांपासून बचाव हवाच. पावसाळी बाजूच्या समुद्रात ओढ जोरदार असते. लाल बावटा असेल तिथे पाण्यात उतरू नये.

तयारीचा क्रमही ठरवून घ्यावा. व्हिसाचे नियम आणि शुल्क अलीकडे अनेकदा बदलले आहेत, म्हणून आधी सरकारी संकेतस्थळावर ते पाहावेत. मग विमान; मुंबईहून कोलंबो थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास आहे. त्यानंतर रेल्वे आणि गर्दीच्या रात्रींच्या खोल्या, त्यांच्या तारखांभोवती उरलेले मुक्काम आणि सगळ्यात शेवटी चालक.