चित्रातील भातशेते निळी का होतात?

शाळेच्या व्हरांड्यात एखाद्या खेड्याचे जलरंगातील जुने चित्र टांगलेले असेल, तर ते नीट पाहा. कौलारू घरे, बैलगाडी, मागचे डोंगर सारे जागच्या जागी असते. पण पुष्कळदा भातशेते आणि झाडे निळसर दिसतात. चित्रकार चुकलेला नसतो. त्याने पिवळ्यात निळा मिसळून हिरवा केला होता. त्यातला पिवळा उडाला, निळा मागे राहिला.

जलरंग म्हणजे डिंकाच्या पाण्यात कालवलेली रंगद्रव्याची अतिसूक्ष्म पूड. तिचा थर इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून कागदापर्यंत जातो आणि परावर्तित होऊन त्याच थरातून आपल्या डोळ्यांकडे येतो. उन्हातली पांढरी भिंत दाखवायची, तर चित्रकार तेथे बहुधा रंगच लावत नाही. ते तेज कोऱ्या कागदाचे! परंतु हाच पातळपणा नडतो. जाड थरात वरचे कण खालच्या कणांना आडोसा देतात. येथे आडोसा कसला?

पिवळे द्रव्य पिवळे दिसते तेच मुळी निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतल्यामुळे, आणि या प्रकाशाच्या पुंजांत ऊर्जा अधिक असते. अनेक वनस्पतिजन्य रंगांच्या रेणूंतील बंध तिने तुटतात. सदऱ्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, हे तुम्ही पाहिले असेलच. पिवळी माती मात्र टिकते, कारण तिचा रंग लोहाच्या संयुगाचा असतो.

रसेल आणि ॲबनी या इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंग लावलेले कागद काचनळ्यांत घालून उन्हात ठेवले. त्यांचा अहवाल १८८८ साली प्रसिद्ध झाला. ओलसर हवेत अनेक रंग उडाले. निर्वात नळीत बहुतेक टिकले. म्हणजे ऊन एकटेच दोषी नव्हे, हवेतील ऑक्सिजन व बाष्प त्याचे साथीदार. कोकणातल्या शाळांनी हे विशेष ध्यानात घ्यावे!

एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला १९०० साली हेन्री व्हॉन यांच्या मृत्युपत्रान्वये टर्नरची ३८ जलरंगचित्रे मिळाली. अट अशी, की ती फक्त जानेवारीत मांडावीत. तेव्हा तिकडे ऊन अगदी मंद असते. आज संग्रहालये अशा चित्रांवर साधारण ५० लक्स प्रकाश ठेवतात. आपल्याकडचे भर दुपारचे ऊन सुमारे १ लाख लक्स असते.

तुमच्या पेटीतल्या रंगांचे पट्टे एका कागदावर ओढा, अर्धा कागद काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन महिने ठेवा. मग दोन्ही भाग ताडून पाहा. तोवर व्हरांड्यातले चित्र सावलीच्या भिंतीवर हलवायला गुरुजींना सांगा. उडालेला पिवळा परत येत नाही.